काचेवरचा काळोख आणि कावसजींचा हिशेब

विजयदुर्गच्या किल्ल्यावर गेलेल्या माणसाला गावकरी साहेबाचे कट्टे दाखवतात. सर नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने इथे दुर्बिणी मांडल्या आणि सूर्यातला हेलियम शोधून काढला, अशी कथा त्यासोबत सांगितली जाते. कथा छान आहे, पण तिच्यात दोन ग्रहणे एकमेकांत मिसळली आहेत. हेलियमची पिवळी रेषा प्रथम नजरेस आली ती 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात. त्या दिवशी लॉकियरसाहेब इंग्लंडात होते आणि दोन महिन्यांनी, ऑक्टोबरात, ग्रहण नसतानाही ती रेषा त्यांनी तिथूनच पाहिली. ते विजयदुर्गला आले ते त्यानंतर तीस वर्षांनी, 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी.

1868 ची सावली विजयदुर्गावरून पुढे आपल्या मिरजेवरून, पटवर्धनांच्याच जमखंडीवरून, विजापुरावरून मच्छलीपट्टणकडे गेली होती. जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल हा थोर हर्शेल घराण्यातला नातू वर्णपटदर्शक घेऊन बसला होता. 1898 ची सावली मात्र विजयदुर्गावरून तिरकी ईशान्येला सरकली. मिरज तिच्या दक्षिणेला राहिली आणि मिरजकरांना खंडग्रासावर समाधान मानावे लागले. ती सावली ज्या गावांवरून गेली त्यांत सोलापूर जिल्ह्यातले, करमाळे तालुक्यातले जेऊर हे रेल्वेचे लहानसे स्टेशन होते. तिथे त्या दिवशी पुण्याच्या सायन्स कॉलेजातला एक पारशी प्राध्यापक आपली यंत्रे मांडून उभा होता. विजयदुर्गच्या साहेबाचे कट्टे आपण जपले. जेऊरच्या या आपल्या माणसाचे नाव मात्र खगोलाच्या अभ्यासकांखेरीज फारसे कोणाच्या तोंडी नाही. कावसजी दादाभाई नायगमवाला हे त्यांचे नाव.

कावसजींचा जन्म 1857 चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून 1878 मध्ये ते एम. ए. झाले आणि 1882 मध्ये त्याच कॉलेजात प्रायोगिक पदार्थविज्ञानाचे अध्यापक म्हणून लागले. त्या काळी कॉलेजात विज्ञान शिकवणे म्हणजे बहुतेक करून पुस्तक शिकवणे. प्रयोगशाळा ही चैन होती. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी वर्णपटाच्या अभ्यासासाठी पाच हजार रुपयांची देणगी दिली, मुंबई सरकारने तितकीच भर घातली आणि यंत्रे आणण्यासाठी 1884 मध्ये कावसजी इंग्लंडला गेले.

गेले ते प्रयोगशाळेचे सामान आणायला, परत आले ते वेधशाळेचा बेत घेऊन. तिकडे त्यांना ग्रीनिचचे राजज्योतिषी ख्रिस्ती भेटले आणि खुद्द लॉकियरही भेटले. वर्णपट पाहायचाच तर दिव्याच्या ज्योतीचा कशाला, सूर्याचा आणि ताऱ्यांचा पाहावा, हा सल्ला कावसजींना पटला. 1885 मध्ये त्यांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली. आजचे सीओईपी ते हेच. त्याच आवारात 1888 साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातली वीस इंची आरशाची दुर्बीण तिथे आली. हिंदुस्थानात त्या वेळी तिच्याएवढी मोठी दुर्बीण दुसरी नव्हती. अंधारात मोठी झालेली माणसाची बाहुली जेवढा प्रकाश घेते, त्याच्या सुमारे पाच हजार पट प्रकाश हा आरसा गोळा करी. मुठेच्या काठी, कॉलेजातले तास सांभाळून, एक मास्तर असे यंत्र चालवत होता.

त्या यंत्राने त्यांनी केलेले पहिले मोठे काम मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे. मृगाच्या पोटातल्या बाणाखाली जो धूसर ठिपका दिसतो, तो हा तेजोमेघ. त्याच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा आहे आणि ती कोणत्या पदार्थाची हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. लॉकियर यांचा एक लाडका सिद्धांत होता. विश्वातले सारे तेजोमेघ आणि तारे उल्कांच्या थव्यांतून बनले आहेत, आणि ही हिरवी रेषा म्हणजे तापलेल्या मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड आहे, असे ते मांडत. तसे असेल तर रेषेची एक बाजू रेखीव आणि दुसरी विरत जाणारी दिसायला हवी, धोतराच्या काठाचा रंग पाण्यात उतरावा तशी. कावसजींनी वेगवेगळ्या परिस्थितीत रेषा तपासली. ती दरवेळी अरुंद आणि दोन्ही बाजूंनी रेखीव दिसली. 1891 मध्ये त्यांनी तसे जाहीर केले. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा उभी राहिली त्यांच्याच सिद्धांताविरुद्ध जाणारी ही साक्ष होती. अमेरिकेत कीलर यांची मोजमापेही त्याच बाजूने गेली. ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे हे कळायला 1927 उजाडावे लागले.

एक योगायोग इथे नोंदवण्याजोगा आहे. दोनच वर्षांनी, 1893 मध्ये, त्याच पुण्यात राहणाऱ्या लोकमान्य टिळकांचा ‘ओरायन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मृग नक्षत्राच्या आधारे वेदांचा काळ ठरवण्याचा तो प्रयत्न होता. एका शहरातली दोन माणसे एकाच नक्षत्राकडे पाहत होती. एकाला त्यातून आपला भूतकाळ मोजायचा होता, दुसऱ्याला त्यातला वायू.

कावसजींच्या या वादाचे मर्म समजून घेतले पाहिजे, कारण आज खगोलाचा कॅमेरा हाती धरणाऱ्या प्रत्येकापुढे तोच प्रश्न आहे. रेषेची कड धूसर दिसली, तर ती धूसरता आकाशातली की यंत्रातली? ठिपका मोठा दिसला, तर तारा तेजस्वी की फोटोची काच जास्त भाजली गेली? यंत्राने जे दाखवले त्यातले आकाशाचे किती आणि यंत्राचे किती, ही वजाबाकी ज्याला करता येत नाही त्याला चित्र मिळते, माहिती मिळत नाही.

जेऊरला ही वजाबाकी घड्याळाच्या काट्यावर करायची होती. 22 जानेवारी 1898, शनिवार, पौष अमावास्या. काळ कठीण होता. प्लेगने पुणे पोळून निघाले होते, रँडच्या खुनाला सात महिने झाले होते, टिळक तुरुंगात होते. अशा दिवसांत सरकारी कॉलेजातला एक मास्तर यंत्रांच्या पेट्या घेऊन जेऊरच्या माळावर उतरला. परदेशी पथके देशभर विखुरली होती. विजयदुर्गला लॉकियर, पुलगावला न्यूऑल आणि हिल्स, आणि खुद्द जेऊरलाच अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल, चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन. या साऱ्यांत हिंदी माणसाने चालवलेले पथक एकच, ते कावसजींचे. खग्रास स्थिती होती अवघी दोन मिनिटांच्या आसपास. तेवढ्या अवधीत सूर्याच्या कडेवरचा लालसर वर्णगोल आणि त्याभोवतीचे मोतिया प्रभामंडल यांचे वर्णपट काचेवर उतरवायचे होते.

या कामातली अडचण अशी की प्रभामंडल सगळीकडे सारखे उजळ नसते. सूर्याच्या कडेला ते झगझगीत असते आणि थोडे बाहेर सरकताच त्याचे तेज शेकडो पटींनी घसरते. काचेला थोडा वेळ प्रकाश दाखवला तर कडेचा भाग नीट येतो आणि बाहेरचा येतच नाही. जास्त वेळ दाखवला तर बाहेरचा उमटतो, पण कडेचा भाग पार काळा होतो. निगेटिव्हवर प्रकाश काळा उमटतो हे जुन्या वाचकांना आठवत असेलच. म्हणून ग्रहणाचे छायाचित्रकार कमी-जास्त वेळेच्या अनेक काचा ओळीने वापरत आणि प्रत्येक काचेवर वेळ लिहून ठेवत. वेळेची नोंद चुकली की ती काच शोभेची.

त्यातही एक मेख होती. काचेवरचा काळेपणा प्रकाशाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. अगदी थोडा प्रकाश पडला तर काच दादच देत नाही. मग एका टप्प्यात ती बऱ्यापैकी इमानाने वागते आणि शेवटी तृप्त होऊन बसते. त्यानंतर कितीही प्रकाश ओता, काळ्याचे आणखी काळे होत नाही. हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघांनी 1890 मध्ये काचेच्या या स्वभावाचा आलेख काढला. काचेचा स्वभाव माहीत असल्याशिवाय तिची साक्ष धरायची नाही, हा नियम तेव्हापासून पक्का झाला. जेऊरच्या कामाचा कावसजींचा अहवाल 1902 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन मिनिटांच्या दर्शनामागे चार वर्षांची कारकुनी होती असे म्हटले तरी चालेल, आणि कारकुनी हा शब्द मी आदराने वापरतो आहे.

आता काचेची जागा सिलिकॉनच्या चकतीने घेतली आहे. 1969 मध्ये बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ यांनी सीसीडी ही युक्ती शोधली. त्याबद्दल 2009 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. या चकतीवर लाखो बारीक चौकटी असतात. त्यांना आपण पिक्सेल म्हणतो. प्रकाशाचा कण चौकटीत पडला की एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि तिथेच साठून राहतो. वेळ संपली की प्रत्येक चौकटीतले इलेक्ट्रॉन मोजून त्याचा एक आकडा लिहिला जातो. सोळा बिटांच्या कॅमेऱ्यात हा आकडा 0 ते 65,535 यांमधला असतो. जुन्या काचेवर पडलेल्या शंभर कणांतला जेमतेम एखादा कामी येई. चांगल्या सीसीडीत ऐंशी-नव्वद कामी येतात. शिवाय बऱ्याच मोठ्या पल्ल्यात सीसीडीचा आकडा प्रकाशाच्या सरळ प्रमाणात वाढतो. दुप्पट प्रकाश, दुप्पट आकडा.

म्हणून तो आकडा म्हणजेच प्रकाश असे समजण्याचा मोह होतो. माझे आयुष्य बँकेत खतावण्या तपासण्यात गेले, त्यामुळे खात्यावरची रक्कम पाहून माणसाची कमाई ठरवू नये एवढे मला कळते. आरंभीची शिल्लक किती, मध्ये व्याज किती पडले, कोणाची रक्कम चुकून जमा झाली, हे आधी पाहावे लागते. पिक्सेलचे तसेच आहे.

समजा, एका चौकटीचा आकडा आला 5,200. यातले 1,000 ही आरंभीची शिल्लक. झाकण लावून, शून्य वेळ प्रकाश दाखवून वाचले तरी यंत्र एवढा आकडा देतेच. आकडा चुकून शून्याखाली जाऊ नये म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असते. पुढचे 200 उष्णतेचे. अंधारातही चकतीच्या उबेने काही इलेक्ट्रॉन सुटतात, न मागता जमा होणाऱ्या व्याजासारखे. म्हणून खगोलाचे कॅमेरे थंड करतात आणि झाकण लावून तेवढ्याच वेळेचे एक चित्र वेगळे घेतात, म्हणजे हे व्याज वजा करता येते. उरले 4,000. यांतले 1,500 भोवतालच्या आभाळाचे, म्हणजे चांदण्याचे, धुरळ्याचे आणि शहरातल्या दिव्यांचे. ताऱ्याशेजारच्या रिकाम्या चौकटी पाहून ते ठरवतात. ताऱ्याची खरी कमाई 2,500.

मध्ये आणखी एक पायरी आहे. सगळ्या चौकटी सारख्या नसतात. आमच्या मिरजेत सतारमेकर गल्लीत कोणालाही विचारा, एकाच वेलाचे दोन भोपळे आणि एकाच लाकडाच्या दोन दांड्या घेतल्या तरी दोन तंबोरे सारखे बोलत नाहीत. जवारी प्रत्येकाची वेगळी काढावी लागते. चौकटींचेही तसेच. कोणी थोडी जास्त दाद देते, कोणी कमी, कोणावर धुळीच्या कणाची सावली पडलेली असते. म्हणून एकसारख्या उजळलेल्या पांढऱ्या पडद्याचे किंवा संध्याकाळच्या आभाळाचे चित्र घेऊन प्रत्येक चौकटीचा स्वभाव ठरवतात आणि आभाळाचा वाटा काढण्याआधीच त्याने आकड्याला भागतात. आपल्या उदाहरणातली चौकट बरोबर सरासरी स्वभावाची होती असे धरू.

आता 2,500 म्हणजे किती इलेक्ट्रॉन? हे कॅमेऱ्याच्या विनिमयदरावर अवलंबून आहे. एका आकड्यामागे दोन इलेक्ट्रॉन असा दर असेल तर ताऱ्याचे झाले 5,000. दुसऱ्या कॅमेऱ्यात दर वेगळा असेल आणि तोच तारा वेगळा आकडा देईल. डॉलर आणि रुपये यांची नुसत्या आकड्यांवरून तुलना करू नये, तसे दोन कॅमेऱ्यांचे आकडे समोरासमोर ठेवू नयेत. शिवाय प्रकाशाचे कण पावसाच्या थेंबांसारखे येतात, कधी दोन जास्त, कधी दोन कमी. त्यामुळे मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळाएवढी अनिश्चितता राहतेच. इथे तारा, आभाळ आणि उष्णता मिळून 8,400 इलेक्ट्रॉन आले, त्यांचे वर्गमूळ सुमारे 92. म्हणजे ताऱ्याचे 5,000, पण शंभरएक इकडे-तिकडे. आभाळाचा वाटा वजा झाला तरी त्याने आणलेली अनिश्चितता वजा होत नाही. मिरज-सांगलीच्या दिव्यांच्या उजेडात घेतलेले चित्र आणि दंडोबाच्या डोंगरावर घेतलेले चित्र यांतला फरक इथे पडतो.

आणि आकडा 65,535 आला तर? तर तो आकडा राहिलाच नाही. मापटे भरून सांडले एवढेच त्यातून कळते, किती सांडले ते कळत नाही. जेऊरच्या काचेवरचा पूर्ण काळा भाग आणि हा 65,535 हे सख्खे भाऊ. उपायही तोच, कमी वेळेचे आणखी एक चित्र घ्यावे.

शेवटी या कमाईचे भाषांतर ताऱ्याच्या प्रतीत करायचे. पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्याच्या शंभर पट तेजस्वी, म्हणजे एका प्रतीला सुमारे 2.512 पट, हे माप नॉर्मन पॉगसन यांनी 1856 मध्ये सुचवले. पुढे 1861 ते 1891 अशी तीस वर्षे ते मद्रासच्या वेधशाळेत होते. जगभर आजही हेच माप चालते. ज्ञात प्रतीच्या शेजारच्या ताऱ्याशी आपल्या ताऱ्याची कमाई ताडून पाहिली की हिशेबाचा ताळा बसतो.

पडद्यावर जे देखणे चित्र आपण पाहतो ते या हिशेबाच्या फार नंतरचे असते. 65,536 पायऱ्यांचे आकडे पडद्याच्या 256 छटांत बसवताना अंधुक भाग ताणून वर आणतात, उजळ भाग दाबतात. यात फसवणूक नाही, डोळ्यांची सोय आहे. मात्र त्या ताणलेल्या चित्रावर मोजमाप करू नये. ते मूळ आकड्यांवरच करावे, आणि म्हणून मूळ आकडे वेळ, तारीख, तापमान यांच्या नोंदींसह जपावे.

हे जपणे कावसजींच्या बाबतीत मात्र आपल्याला जमले नाही. 1899 मध्ये दक्षिणेत कोडाईकनालला सरकारने सूर्याची वेधशाळा काढली आणि सरकारच्या दृष्टीने पुण्याची गरज उरली नाही. पुण्याची वेधशाळा एका माणसाच्या जिद्दीवर उभी होती. तिच्याभोवती शिष्यांची फळी उभी राहिली नाही. 1912 मध्ये कावसजी निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाही निवृत्त झाली. वीस इंची दुर्बीण आणि बाकीची यंत्रे कोडाईकनालला रवाना झाली. कावसजी त्यानंतर सव्वीस वर्षे जगले. 1938 मध्ये ते गेले. आपण उभारलेले घर आपल्यादेखत रिकामे झालेले पाहून माणूस काय करत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

1938 सालीच कोल्हापुरात जयंत नारळीकरांचा जन्म झाला. त्यांच्या पुढाकाराने 1988 मध्ये पुण्यात आयुका ही संस्था स्थापन झाली, तख्तसिंहजी वेधशाळेनंतर बरोबर शंभर वर्षांनी. आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण 2006 पासून जुन्नरकडच्या गिरवलीच्या डोंगरावर आहे. मधल्या पाऊण शतकात पुण्याला तोडीची दुर्बीण नव्हती. पैसा तर नव्हताच. पण पैशापेक्षा, चालू काम दुसऱ्याच्या हाती सोपवण्याची व्यवस्था नव्हती हे जास्त खरे. कोडाईकनालला ती होती. तिथे 1904 पासून सूर्याची छायाचित्रे काचेवर जपली गेली आणि आपल्या काळात त्या काचा सीसीडीने वाचून त्यांचे आकडे करण्यात आले. आजचा संशोधक शंभर वर्षांपूर्वीच्या सूर्याचे डाग संगणकावर मोजतो, तो अनेक अनाम नोंद-कारकुनांच्या जिवावर.

आज आपल्या भागातली मुले बेताच्या किमतीची दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन आकाशाची चित्रे काढतात. मृगातल्या त्या तेजोमेघाचे चित्र तर पहिल्या थंडीतच काढले जाते. त्यात जो हिरवट निळा रंग उमटतो त्यात कावसजींच्या त्या रेषेचा मोठा वाटा आहे. चित्र जरूर भिंतीवर लावावे. पण त्याआधी एकदा ती मूळ फाईल उघडून एखाद्या चौकटीचा आकडा वाचावा, त्यातली शिल्लक, व्याज आणि आभाळ वजा करावे आणि ताऱ्याच्या पदरात काय उरते ते वहीत लिहावे. वहीवर तारीख आणि वेळ घालायला विसरू नये. जेऊरच्या माळावर, पौषातल्या त्या अमावास्येला, एका मास्तराचे काम याच शिस्तीवर चालले होते.